मोरगव्हाणची भिक्षा

"आणि ती रडली तर?" बाबांनी विचारलं.

"रडू दे."

"चिडली, शिव्याशाप दिले तर?"

"देऊ दे, बाबा," हिरामण म्हणाला. "माझ्यात काही हलायचं नाही."

धोंडनाथबाबा धुनीतलं एक लाकूड सरळ करत होते. ते त्यांनी सरळ केलं. थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले...

"बरं," ते म्हणाले. "मग उद्या नीघ."

पूर्णा नदीच्या काठी एका बोडक्या टेकडीवर नाथपंथी गोसाव्यांचा हा मठ होता. एक अखंड धुनी, मूळ पुरुषाची समाधी, ओळीने बांधलेल्या चार खोल्या आणि दारात पिंपळ. हा पिंपळ हिरामणने मठात आला त्या वर्षीच लावला होता. आता त्याच्या सावलीत दहाजण जेवायला बसत. इतकी वर्षं हिरामण मठात होता, आणि आता त्याचे कान फाडून त्यात कुंडलं घालायची वेळ आली होती. ती कानांत पडली की माणूस पुरता नाथ झाला. मागचं नाव, गाव, गोत सगळं सुटलं.

पण त्याआधी मठाचा एक रिवाज होता. शिष्याने स्वतःच्याच घरी जाऊन भिक्षा मागायची. दारात जी बाई येईल, मग ती आई असो की बायको, तिला 'माई' म्हणायचं. उंबरा ओलांडायचा नाही. बसायचं नाही. भिक्षेपलीकडे शब्द बोलायचा नाही. मिळेल ते झोळीत घ्यायचं आणि मागे वळून न बघता परत यायचं.

ऐकायला सोपं. पण भलेभले तिथे ढेपाळत. कुणी दारातच रडत बसे. एकजण तर गेला तो आलाच नाही. पुढे बाजारात भेटला तेव्हा कडेवर मूल होतं.

हिरामणला मात्र धास्ती नव्हती. मठातल्या बाकीच्यांचा कुठला ना कुठला धागा मागे अडकलेला असायचा. कुणाचा भाऊ वर्षातून एकदा येऊन जाई. कुणी दिवाळी आली की गप्प गप्प राही. हिरामणचं तसं काही नव्हतं. मोरगव्हाणातलं घर, म्हातारी आई आणि कौतिका नावाची बायको असं सगळं त्याने एका पहाटे सोडलं होतं. घरात भांडण नव्हतं, दैन्य नव्हतं. उलट घर गोड होतं, आणि त्या गोडीचीच त्याला भीती वाटायची. आपण इथेच विरघळून जाऊ, असं वाटायचं.

ती पहाटेची गोष्ट तो सांगायचाही छान. मठात नवा कुणी आला की हटकून सांगायचा. ज्वारी हुरड्यात आलेली, अंगणात दव, आई झोपलेली, बायको झोपलेली. खांद्यावर एक घोंगडं टाकलं आणि चालू लागलो. शिवेपर्यंत कुत्रा मागोमाग आला, तिथून तोही परतला. मी मात्र मागे वळून पाहिलं नाही... इथे तो थांबायचा. ऐकणारे सुस्कारा टाकायचे.

बाबांनी ही गोष्ट खूपदा ऐकली होती. एकदाच ते मध्ये बोलले.

"कुत्रा नवीन दिसतोय," ते म्हणाले.

माघ अर्धा सरला होता. हरभरा काढणीला आलेला, बांधाबांधावर पळस पेटलेला. हिरामण एक मुक्काम वाटेतल्या देवळात करून दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या सुमाराला मोरगव्हाणात पोचला. वाटभर त्याने मनात सगळं बसवून ठेवलं होतं. ती ओळखेल. हातातलं सांडेल. धावत येऊन पाय धरेल. मग आपण शांत आवाजात म्हणायचं, माई, भिक्षा. आवाज किती चढवायचा हेसुद्धा त्याने ठरवलं होतं. आपण रडणार नाही याची त्याला खात्री होती. ती रडेल याचीही होती.

घर तेच होतं. दाराला निळा रंग दिलेला होता, एवढाच फरक.

"अलख निरंजन. माई, भिक्षा."

कौतिका अंगणात तुरी पाखडत बसली होती. तिने मान वर केली. केस पुष्कळ पिकले होते. तिने ओळखलं, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं. वाटेने जाणारं ओळखीचं माणूस दिसलं की नजर जराशी थबकते, तेवढी ती थबकली.

मग तिने हातचं सूप पाखडून पुरं केलं. खाली ठेवलं. पदराला हात पुसले.

"थांबा, महाराज. पीठ आणते," ती म्हणाली, आणि आत गेली.

महाराज.

रडण्याची तयारी त्याने केली होती, शिव्यांची केली होती. याची केली नव्हती. तो दारात उभा राहिला आणि काहीतरी बघायचं म्हणून अंगणाकडे बघत राहिला. पडवीतल्या भिंतीला लागून आईची बाज असायची. तिथे आता मक्याची कणसं वाळत पसरली होती. आई रानात गेली असेल, त्याने मनाशी म्हटलं. मग त्याला तिचं वय आठवलं.

कौतिका पिठाने भरलेली पितळी घेऊन बाहेर आली. त्याने झोळी पुढे करायला हवी होती.

"आई?" त्याने विचारलं.

ती उंबऱ्यातच थांबली.

"गेल्या," ती म्हणाली. "गेल्या पोळ्याला नव्हे, त्याच्या आधीच्या."

त्याने झोळी पुढे केली नाही. जायलाही वळला नाही. तेव्हा तिने सांगितलं. शेजारणीला सांगावं तसं, कुठेही बोचेल असं न बोलता सांगितलं. आधी म्हातारीचे डोळे गेले, मग आठवण. माणसं विसरली, गाव विसरली, शेवटी स्वतःच्या माहेराचं नावसुद्धा विसरली. माहेरचे लोक कौतिकेला न्यायला आले होते. दुसरं घर बघू म्हणाले होते. पण या अशा बाईला कुणाच्या दारात ठेवून जाणार? म्हणून ती राहिली.

"एकच नाव राहिलं होतं त्यांच्यापाशी," कौतिका म्हणाली. "दिवसभर हाक मारायच्या. हिरामण, हिरामण... आधी मी सांगायची, ते नाहीत, गेले. मग रडायच्या. थोड्या वेळाने विसरायच्या आणि पुन्हा हाक मारायच्या. पुन्हा सांगितलं की पुन्हा रडायच्या. रोज नव्यानं कळायचं त्यांना."

तिने पितळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मग एक दिवस मीच ओ दिली."

"तू?"

"दिसत नव्हतंच त्यांना. हिरामण म्हटलं की मी ओ म्हणायची आणि जवळ जाऊन बसायची. हात धरायच्या आणि गप पडायच्या."

अंगणातल्या तुरींवर एक चिमणी उतरली. कौतिकेने तिला हुसकलं नाही.

"शेवटी?" त्याने विचारलं. आवाज ठरवल्यापेक्षा फारच बारीक निघाला.

"शेवटीही हाक मारली. शेवटीही दिली ओ."



"कौतिका," तो म्हणाला. हे नाव त्याने उच्चारायचं नव्हतं.

ती त्याच्याकडे बघत होती. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. रागाला काय उत्तर द्यायचं ते त्याला ठाऊक होतं.

"क्षमा मागायला आलात की भिक्षा?" तिने विचारलं. "जे मागाल ते देईन. पण दोहोंतलं एकच. दोन्ही एका झोळीत नाही मावायचं."

हिरामणच्या डोळ्यांपुढे टेकडी आली. धुनी आली. भस्म फासून, उपास काढून, उन्हात बसून घालवलेली सगळी वर्षं आली. कानांत अजून न पडलेली कुंडलं आली, आणि ती बघायला जमणारे लोकही आले.

"भिक्षा," तो म्हणाला.

तिने पीठ झोळीत ओतलं. सावकाश ओतलं, चिमूटभरही बाहेर सांडू दिलं नाही.

"सावलीसावलीनं जा. ऊन फार आहे," ती म्हणाली, आणि तो वळायच्या आधीच आपल्या सुपाकडे परतली.

तो निघाला. रिवाजाप्रमाणे मागे वळून पाहिलं नाही. या वेळी मात्र शीव ओलांडेपर्यंत त्याची मान दुखून आली.

वाटेत त्याला दुःख झालं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण आधी आला तो संताप. तिने ओ द्यायलाच नको होती. आंधळ्या म्हातारीशी खोटं बोलली, आणि तेही माझ्या नावाने. आई गेली ती मुलगा परत आला असं समजून गेली. तिला काय अधिकार होता? हे सगळं तो पळसाच्या झाडांना ऐकवत चालला होता. मग चालता चालता त्याच्या लक्षात आलं की ज्या नावासाठी आपण भांडतोय, ते आपणच टाकलं होतं. जुनं धोतर टाकावं तसं. आपण टाकलेलं दुसऱ्या कुणी उचललं, धुतलं आणि अंगावर घातलं. आता ते माझं होतं म्हणून कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हे कळलं तरी संताप गेला नाही. तो मठापर्यंत त्याच्याबरोबर आला.

मठात सगळे वाट बघत होते. केवलनाथ सगळ्यांत पुढे. केवलनाथ म्हणजे बाबांचे सगळ्यांत जुने शिष्य. मठाचे रिवाज त्यांच्या जिभेवर असत. त्यांनी विचारलं, ती रडली का? हिरामण म्हणाला, नाही. तू रडलास? नाही. उंबरा ओलांडलास? नाही. मागे पाहिलंस? नाही.

"तरलास," केवलनाथ म्हणाले, आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

बोलायचं नव्हतं ते बोललास का, हे विचारायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. हिरामणनेही सांगितलं नाही.

सगळे पांगल्यावर तो बाबांपुढे बसला. बाबांनी झोळीकडे बोट केलं.

"काय मिळालं?"

"पीठ."

"आणखी?"

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. आईचं सांगितलं, ओ दिल्याचं सांगितलं, क्षमा की भिक्षा हेही सांगितलं. आणि सांगून झाल्यावर त्याचा संताप पुन्हा उसळून वर आला.

"तिने खोटं बोलायला नको होतं, बाबा. मरणाऱ्या माणसाशी खोटं..."

बाबा उठले. परात आणली. झोळीतलं पीठ काढून मळायला घेतलं. हिरामणने पुढे होऊन हातभार लावायला पाहिलं, तर बाबांनी मानेनेच नको म्हटलं. त्यांनी भाकरी थापली, तव्यावर टाकली, निखाऱ्यावर फुलवली. अर्धी मोडून त्याच्या हातावर ठेवली. अर्धी आपण घेतली.

बाबा खाऊ लागले. हिरामणने एक घास मोडून तोंडात घातला. तो नुसता तोंडात फिरत राहिला. गिळला जाईना.

बाबांनी आपली अर्धी संपवली. बोटांना लागलेलं पीठ झटकलं.

"पीठ तर खरं आहे," ते म्हणाले.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त ठरला. मधले दिवस हिरामण नेहमीची कामं करत राहिला. धुनीला लाकडं आणली, समाधी धुतली, नदीवरून पाणी आणलं. बोलणं मात्र कमी झालं. त्या दिवसांत मठात एक नवा साधक आला होता. त्याने हिरामणच्या त्या पहाटेच्या गोष्टीची ख्याती ऐकली होती, म्हणून तो फार मागे लागला. शेवटी हिरामणने सुरुवात केली. ज्वारी हुरड्यात आलेली, अंगणात दव, आई झोपलेली... इथे तो अडखळला. मग एकदम म्हणाला,

"कुत्रा नव्हता."

आणि उठून गेला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी केवलनाथांनी त्याला विधी समजावून दिला. सकाळी नदीत आंघोळ करायची. पूर्वेला तोंड करून बसायचं. सुरी कानाला लागण्याआधी बाबा मागे उभे राहून एकदाच जुन्या नावाने हाक मारतात. तेव्हा दगडासारखं बसून राहायचं. ते नाव मेलेलं असतं, मग ओ द्यायला आहे कोण? हाक विरली की सुरी. केवलनाथ म्हणाले की यात परीक्षा अशी काही नाही, नुसता रिवाज आहे. कुणी कधी ओ दिल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. दिली तर काय होतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं. त्याला या मठातून कुंडलं मिळत नाहीत, कधीच.

सकाळ उजाडली. आसपासच्या गावांतली माणसं टेकडी चढून आली. बायांनी ओवाळायला तबकं आणली. हिरामण ओल्या अंगाने, भस्म लावून आसनावर बसला. केवलनाथांनी त्याचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कुणीतरी शिंगी फुंकली आणि मग सगळं शांत झालं.

बाबा मागे उभे राहिले.

"हिरामण."

विधीत मारतात तशी खणखणीत हाक नव्हती ती. घराच्या आतून बाहेर अंगणात असलेल्या माणसाला मारावी, तशी होती.

हिरामण दगडासारखा बसला. दगडासारखं बसणं त्याला मठात सगळ्यांत चांगलं येत होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की झालं. हाक समाधीवरून, पिंपळावरून, खाली नदीच्या पात्राकडे गेली... ती विरेना. त्याला वाटलं, आता कुणीतरी ओ देईल. दोन दिवसांच्या वाटेवर एक बाई हातचं सूप खाली ठेवील, पदराला हात पुसेल आणि ओ देईल. आजवर तिनेच दिली. आणि ती तिकडे देत होती तेव्हा आपण इथे, याच आसनावर, असेच गप्प बसलो होतो. त्या गप्प बसण्यालाच आपण शांती म्हणत होतो.

"ओ," तो म्हणाला.

घोगरा आवाज होता. पण सगळ्यांना ऐकू गेला.

केवलनाथांचे हात त्याच्या डोक्यावरून गळून पडले. गर्दीत कुजबुज झाली. एका बाईने तबकातलं निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता, ती तशीच उभी राहिली.

हिरामण आसनावरून वळला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग जे सांगायचं ते त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. त्याला मोरगव्हाणला जायचं होतं.

"भिक्षेला नाही," तो म्हणाला.

ती क्षमा देईल की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. एकदा दारात येऊन तिच्याकडून पीठ घेऊन गेलेल्या माणसाला ती का देईल? नाही दिली तरी मागायची होती. आणि दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभं राहून, आई गेली त्या दिवसाचं तिच्या तोंडून पुन्हा एकदा नीट ऐकायचं होतं. पहिल्या वेळी तो ते ऐकत नव्हता, नुसता उभा होता.

बाबांनी सुरी फडक्यात गुंडाळली. हिरामणच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो उचलला नाही.

हिरामण उठला. झोळी आसनाशेजारीच राहू दिली. माणसांनी वाट करून दिली तसा तो टेकडी उतरू लागला. उतरताना तो दोनदा मागे वळला. एकदा पिंपळाकडे बघायला आणि एकदा बाबांकडे बघायला. मग पळसाच्या झाडीत दिसेनासा झाला.

लोक हळूहळू पांगले. केवलनाथ मात्र तिथेच बसून राहिले. त्यांचा हिरामणवर जीव होता. हे सगळं त्यांना सोसवत नव्हतं. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही.

"इतक्या वर्षांची तपश्चर्या, बाबा," ते म्हणाले. "एका ओ-पायी गेली."

बाबा धुनीपाशी टेकले. उताराकडे बघत राहिले...

"हाक तर मी रोजच मारत होतो," ते म्हणाले. "ओ आज आली."